भिश्त्याची नात

आमच्या न्हाणीघरातला नळ शबेबरातच्या सुमारास गळायला लागला. सुरुवातीला जरा आवळून बंद केला की थांबायचा. मग दोन्ही हातांनी पिळावा लागू लागला. शेवटी कितीही पिळा, टपटप काही थांबेना. मुलांच्या अब्बांनी गल्लीतल्या प्लंबरला फोन केला. "कल आता साब," तो म्हणाला. त्याचा तो 'कल' आठ दिवस उगवला नाही. त्याची तरी काय चूक? रमजान तोंडावर आला की घरोघरी टाक्या धुणं, पाइप बदलणं निघतं. पाच मिनिटांच्या कामासाठी कोण येणार?

रात्री घर निजलं की तो आवाज मोठा व्हायचा. माझ्या सासूबाईंना झोप कमी. आम्ही सगळे त्यांना अम्मीच म्हणतो. त्या अंधारातूनच म्हणायच्या, "सुन रई क्या? पानी जारा." सोलापुरात पाण्याचं मोल कुणाला वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर चालून येतं आणि आमच्या गल्लीत अनेक वर्षं ते चौथ्या-पाचव्या दिवशीच आलं. ते प्यायला आणि रांधायला. बाकी सगळं बोअरच्या पाण्यावर. वाहत्या नदीच्या काठी वुजूला बसलात तरी पाणी उधळू नका, हे तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. इथे नदी नव्हती, पाचशे लिटरची एक टाकी होती.

मी एका उर्दू हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. शाळेतलं मोजपात्र आणून नळाखाली ठेवलं. मिनिटाला साठेक थेंब पडत होते. तासाभराने पाहिलं, १८० मिलिलिटर. म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरहून जास्त आणि पाच दिवसांत एक मोठी बादली भरून वर. एका थेंबाकडे पाहून हे खरं वाटत नाही. त्याच रात्री मी ठरवलं, रविवारी नळ आपणच उघडायचा.

नळ उघडायचा तर आधी पाणी बंद करायला हवं. टाकीखालचा कॉक फिरवायला गेले तर तो जागचा हलेना. बसवल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. बोअरच्या पाण्यातला क्षार आत साचून तो दगड झाला होता. जास्त जोर लावला असता तर पाइपच पिरगळून तुटला असता. शेवटी टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत थांबले आणि आत हात घालून भोकात कापडाचा बोळा कोंबला. मुलांचे अब्बा जिन्यात उभे राहून म्हणाले, "तू टीचर है की प्लंबर? कोई देखेगा तो क्या बोलेगा?" मी म्हटलं, "बोलनेवाले को बोलो, वायसर लेके आ."

मुठीचा स्क्रू काढला, मूठ निघाली. पान्याने वरचा नट सैल केला. मग अख्खा स्पिंडल फिरवत फिरवत बाहेर आला. त्याच्या टोकाला रबराचं वायसर. त्यावर गोल चीर पडलेली, सुरीने कापावी तशी. आतल्या पितळी बैठकीवर पांढऱ्या क्षाराचा खरखरीत थर बसला होता. आम्ही नळ जितका पिळत होतो तितकं ते रबर त्या थरावर कापलं जात होतं. गळती थांबवायला लावलेला जोरच गळती वाढवत होता. नवं वायसर पाच रुपयांचं. ते घालून नळ जोडला आणि बोळा काढला. नळ पुन्हा गळू लागला. बैठक साफ न करताच मी नवं रबर त्या खरखरीवर ठेवलं होतं. पुन्हा टाकी रिकामी करण्याची वाट, पुन्हा बोळा. या वेळी व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा तास बैठकीवर ठेवला. बारीक बुडबुडे आले आणि थर सुटला. आम्ल आणि कार्बोनेट यांची ती अभिक्रिया मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. स्वतःच्या न्हाणीघरात पहिल्यांदाच पाहिली.

नळ थांबला. संध्याकाळी चहा घेताना हिशेब केला, तर हाच नळ आम्ही दोन वर्षांत दोनदा पूर्ण बदलला होता. गीझरची कॉइल एकदा बदलली. शॉवरची भोकं बुजली म्हणून शॉवर बदलला. आणि बिघाड यातल्या कशातच नव्हता, पाण्यात होता. मी अम्मींना मराठीतच म्हणाले, "हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

म्हण तोंडातून गेली आणि माझी मीच थबकले.

ही म्हण शाळेत मराठीच्या तासाला मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "पखाल म्हणजे काय, कुणाला माहीत आहे?" मला माहीत होतं. पाण्याची ती कातडी पिशवी. रेड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबते ती पखाल आणि माणसाच्या पाठीवर असते ती मश्क. मला माहीत होतं, कारण माझे दादा भिश्ती होते. मी हात वर केला नाही.

दादांना मी पाहिलं ते म्हातारपणी, खाटेवर. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. दादी सांगायची, बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची मश्क असायची. पाय शिवून टाकलेले, मानेचं तोंड मुठीत. पट्टा खांद्यावर आणि ओझं कमरेवर. भिश्ती हा शब्द बिहिश्तवरून आला, बिहिश्त म्हणजे जन्नत, तहानलेल्याला पाणी देणारा तो जन्नतचा माणूस, हे दादी मोठ्या तोऱ्यात सांगे. चौसाच्या लढाईत, १५३९ साली, बुडणाऱ्या हुमायूनला आपल्या मश्कीवर तरंगवून वाचवणाऱ्या निजाम भिश्त्याची गोष्टही तिचीच. बादशहाने त्याला थोडा वेळ तख्तावर बसवलं म्हणतात. "अपन बादशा हुए थे," दादी म्हणायची. अब्बा घरात असले की मात्र ती गोष्ट अर्ध्यातच थांबायची.

घरोघरी नळ आले आणि भिश्त्यांचं काम गेलं. दादा नळ जोडणाऱ्या एका फिटरच्या हाताखाली काही वर्षं होते, एवढंच मला उडत उडत माहीत होतं. अब्बा शिकले, उर्दू प्राथमिक शाळेत मास्तर झाले. त्यांनी घरात पाना, हातोडी असलं काही ठेवलंच नाही. बल्ब बदलायलाही माणूस बोलवत. आम्हा भावंडांना एकच सांगणं, "हात में कलम पकडो." २०१० साली माझ्या बी.एड.च्या प्रवेशासाठी ओबीसीचा दाखला काढायची वेळ आली तेव्हा अब्बांच्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर 'मुसलमान भिस्ती' असं लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं. खिडकीतल्या कारकुनाने मोठ्याने विचारलं, "भिस्ती म्हणजे काय हो?" मागे रांग होती. अब्बा इतक्या हळू म्हणाले, "पाणी भरणारे," की त्याने पुन्हा विचारलं. दाखला मिळाला, प्रवेश मिळाला, नोकरीही लागली. दाखला कपाटात गेला आणि त्याच्यासोबत तो शब्दही. माझं लग्न ठरताना 'मास्तरांचं घराणं' एवढंच सांगितलं गेलं. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

तो जुना स्पिंडल मी फेकून दिला नाही, वर्गात नेला. पाण्याची कठीणता हा धडा तेव्हा चालूच होता. जुन्या मराठी पुस्तकांत या पाण्याला फार नेमका शब्द आहे, दुष्फेन. ज्याला फेस नीट येत नाही ते. उर्दूत आम्ही भारी पानी म्हणतो आणि गल्लीत नुसतं खारा पानी, मग त्यात मीठ असो वा नसो. दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत पावसाचं साठवलेलं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून हलवलं. पहिलीत बोटभर फेस आला. दुसरीत दह्याच्या चोथ्यासारखं काही तरंगलं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला आधी गाठतात आणि त्याचा चोथा करून टाकतात. ते सगळे संपले की मग उरलेला साबण फेस करतो. मुली लगेच म्हणाल्या, "टीचर, इस लियेच बालां ऐसे होते!"

मग मी स्पिंडल काढून विचारलं, हे काय आहे? मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो परीक्षेत जेमतेम काठावर पास होतो आणि वर्गात कधी तोंड उघडत नाही, उभा राहून घडाघडा बोलू लागला. "टीचर, ये स्पिंडल, ये ग्लॅन, इधर वायसर बैठता. सीट खराब हुई तो वायसर बदल के फायदा नै." जे शिकायला मला दोनदा टाकी रिकामी करावी लागली ते त्याने एका वाक्यात सांगितलं. पण वर्गात हशा पिकला. "प्लंबर! प्लंबर!" तो लाल होऊन खाली बसला. शाळेच्या नोंदीत त्याच्या वडिलांचा व्यवसाय मी स्वतःच लिहून घेतला होता, 'बिझनेस'.

मी वर्गाला दटावलं. कष्टाची रोटी वगैरे दोन-चार वाक्यं बोलले. पण जे एक वाक्य त्या दिवशी बोलायला हवं होतं ते घशापर्यंत आलं आणि परत गेलं. माझे दादा घरोघरी पाणी भरत होते, एवढंच तर ते होतं. तास संपल्याची घंटा झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे जास्त लागलं.

पाण्याचा रोग शोधायचा तर पाणी तपासायला हवं होतं. माझी एक मैत्रीण ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने प्रयोगशाळेत अनुमापन करून दिलं. द्रावणाचा लालसर रंग निळा झाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. आमच्या बोअरचा आकडा आला लिटरला ७६० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं मानतात आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. आम्ही ते पीत नव्हतो हे खरं, पण त्यात कपडे, डोकी, भांडी, नळ सगळंच झिजत होतं. पाणी उकळलं तर बायकार्बोनेटांमुळे आलेली कठीणता जाते, सल्फेट आणि क्लोराइडांची राहते. आणि दोनशे लिटर पाणी रोज कोण उकळणार?

दुकानदाराने आधी मला पिण्याच्या पाण्याचं मशीन विकायचा प्रयत्न केला. माझ्या बाटलीत टीडीएसचं मीटर बुडवून म्हणाला, "देखो मॅडम, कितना खराब!" मी म्हटलं, मला टीडीएस कमी करायचा नाही, पाणी मऊ करायचं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टनरमध्ये राळेचे बारीक मणी असतात. त्यांना सोडियम चिकटलेलं असतं. पाणी त्यांच्यातून गेलं की मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणजे ही देवाणघेवाण आहे, गाळणी नव्हे. मऊ पाण्याचा टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. मणी भरले की त्यांच्यावरून मिठाचं पाणी सोडायचं. मीठ इतकं जास्त असतं की मणी पुन्हा सोडियम घेतात आणि पकडलेलं सगळं सोडून देतात.

विकत घेण्याआधी मी वहीत हिशेब मांडला. एक लिटर राळ साधारण ५० ग्रॅम कठीणता धरते. दहा लिटरच्या मशीनची झाली ५०० ग्रॅम. आमच्या पाण्यात लिटरला पाऊण ग्रॅम. म्हणजे साडेसहाशे लिटर पाणी झालं की मणी थकणार, आणि थोडं राखून धरलं तर सहाशेच. दर खेपेला दीड किलो मीठ आणि धुण्याला ऐंशीएक लिटर पाणी. इथे माझा पेन थांबला. थेंबाथेंबाचा हिशेब करणाऱ्या घरात ऐंशी लिटर पाणी मोरीत?

दोन दिवस विचार केला. मग ठरवलं की सगळ्या घराचं पाणी मऊ करायचं नाही. फक्त न्हाणी, गीझर आणि कपड्यांचं मशीन, म्हणजे दिवसाला दीडशे लिटर. संडास, फरशी, अंगण, कुंड्या यांना बोअरचं आहे तसंच. मग मीठ चौथ्या दिवशी लागेल. धुण्याचं पाणी दोन पिंपांत धरायचं आणि संडासात वापरायचं. झाडांना मात्र नाही, मिठाने ती जळतील. आणि मऊ पाणी प्यायचं नाही. आमच्या इतकं कठीण पाणी मऊ केलं तर लिटरमागे साडेतीनशे मिलिग्रॅम सोडियम त्यात येतं आणि अम्मींना रक्तदाबाची गोळी चालू आहे. स्वयंपाकघराचा नळ या लाइनीपासून वेगळाच ठेवायचा.

ईदनंतर, मेच्या सुट्टीत मशीन आलं, साडेअठरा हजारांना. बसवणारा माणूस 'दो दिन में' येणार होता. ते दोन दिवस मला ओळखीचे होते. दुकानातून पाइप, एल्बो, टी, कॉक, सोल्यूशन आणि टेप घेऊन मी स्वतःच कामाला लागले. सगळ्यात आधी टाकीखालचा तो जाम झालेला कॉक कापून नवा बसवला. मशीनला वळसा घालून जाणारी दुसरी वाटही ठेवली, बाजूला एक कॉक, म्हणजे मशीन बिघडलं तरी घरचं पाणी बंद पडायला नको. त्या दिवशी अब्बा आले होते. सत्तरीचे अब्बा गच्चीवर खुर्ची टाकून बसले. वर्तमानपत्र उघडलं, पण पान काही उलटत नव्हतं.

पहिली फजिती मिठाची. मशीनच्या डोक्यावरचा दांडा 'ब्राइन'वर फिरवला की शेजारच्या टबातलं मिठाचं पाणी आपोआप ओढलं जायला हवं. अर्धा तास झाला तरी टबातली पातळी बोटभरही उतरली नाही. वाटलं, मशीनच खराब. मग डोक्यात प्रकाश पडला. ते ओढणारं यंत्र पाण्याच्या दाबावर चालतं. त्याला निदान दहा-पंधरा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याइतका दाब लागतो. आमची टाकी होती न्हाणीपासून तीन मीटरवर. दुकानदाराने टाकीची उंची विचारली नव्हती आणि मी, दाबाचा धडा शिकवणारी, विचारात घेतली नव्हती. पंप घ्यायचा तर आणखी खर्च आणि विजेचं बिल. मी मिठाची बादलीच उचलून वर टाकीच्या ओट्यावर नेली. बादलीच्या बुडाशी तोटी बसवली, नळी मशीनच्या आधीच्या टीला जोडली आणि टाकीचा कॉक बंद करून बादलीचा थोडासा उघडला. पंधरा लिटरात दीड किलो जाडं मीठ, आयोडीन नसलेलं. ते अर्ध्या तासात हळूहळू मण्यांतून खाली उतरलं. त्यामागून साधं पाणी सोडलं, ते आधी खारट लागलं, मग कमी. शेवटी परीक्षानळीत घेऊन साबणाचे थेंब टाकले आणि बोटभर फेस आला.

दुसरी फजिती मात्र मला सुटेना. भिंतीतून बाहेर येणारा जुना लोखंडी पाइप आणि नवा निपल यांच्या जोडातून पाणी झिरपत होतं. पहिल्यांदा टेप उलट्या दिशेने गुंडाळली होती, जोड आवळताना ती उलगडून बाहेर आली. दुसऱ्यांदा आट्यांच्या दिशेने गुंडाळली, तरी पाझर. तिसऱ्यांदा जास्त गुंडाळली, तरी तेच. जुन्या पाइपाचे आटे गंजून झिजले होते. मी वैतागून पाना खाली ठेवला.

अब्बा खुर्चीतून उठले. "सुतळी है क्या घर में? और सफेदा?"

सुतळी होती, सफेदा मुलाने दुकानातून आणला. अब्बांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. माझ्या आठवणीत त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. सुतळीचे पीळ उलगडून त्यांनी तिचे बारीक धागे केले. निपलच्या आट्यांवर हॅक्सॉच्या पात्याने आडवे ओरखडे काढले, धागा घसरू नये म्हणून. मग बोटाने सफेदा लावला आणि टोकाकडून मागे धागा असा गुंडाळत गेले की प्रत्येक आट्यात तो बरोबर बसला. वर पुन्हा सफेद्याचा हात. निपल आधी हाताने फिरवला, मग पान्याने दीड फेरा. "बस. इससे जास्ती नै. जास्ती किये तो फटता."

मी पाणी सोडलं. जोड कोरडा होता. आम्ही दोघंही बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो.

"अब्बा, ये आपको कैसे आता?"

अब्बा हात पुसत होते. सफेदा नखांत बसला होता. "मेरे बावा के साथ जाता था मैं. फिटर के पास थे ना वो. इस्कूल के बाद मैं धागा निकाल के देता था." मग थोड्या वेळाने, "मश्क का मुँ बी ऐसाच बाँधते थे. दो अंटे और एक खींच. बूँद नै गिरता था." त्यांनी हवेतच हाताने ती गाठ बांधून दाखवली. बोटांना सगळं पाठ होतं.

अम्मी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मला पोटात धस्स झालं. तेरा वर्षं न उच्चारलेला शब्द माझ्या सासरच्या गच्चीवर माझ्या अब्बांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता. अब्बांच्याही ते लक्षात आलं आणि ते बाह्या खाली करू लागले.

अम्मी म्हणाल्या, "हमारे मायके में भिश्ती आता था. फाटक से आवाज देता, 'पर्दा करो!' हम अंदर भागते. वो घडे भर के चला जाता." मग जरा थांबून, "दस बरस उसका पानी पिये. आवाज पैचानती मैं, आज बी. नाम किसी ने नै पूछा."

कुणीच काही बोललं नाही. मग अम्मींनी अब्बांना विचारलं, "भाईसाब, हात काय से धोते? घासलेट दूँ क्या?" सफेदा पाण्याने जात नाही, हे त्यांना माहीत होतं.

मशीनला आता काही महिने झाले. गीझरमध्ये नवा थर बसत नाही, साबण निम्मा लागतो, टॉवेल लाकडासारखे होत नाहीत. भिंतीतल्या जुन्या पाइपात साचलेला क्षार मात्र तसाच आहे. मशीनने पुढचं थांबतं, मागचं आपोआप जात नाही. चौथ्या रात्री मिठाची बादली ओट्यावर चढवण्याचं काम मुलांच्या अब्बांनी आपणहून घेतलंय, अंधार पडल्यावर का होईना. आणि महिन्यातून एकदा मी घरातला प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून उघडते. न फिरवलेला कॉक जाम होतो आणि गरजेच्या दिवशी हलत नाही. हे एवढं तरी वाचणाऱ्यांनी आज घरी जरूर करून पाहावं.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा आता दहावीत आहे, बाक तोच. पहिल्याच आठवड्यात तास संपायला पाच मिनिटं असताना मी खडू खाली ठेवला आणि गेल्या वर्षी गिळलेलं वाक्य वर्गाला सांगितलं. माझे दादा भिश्ती होते, पाठीवर मश्क घेऊन घरोघरी पाणी भरायचे. वर्गात क्षणभर शांतता पसरली. हसलं कुणीच नाही. मागच्या बाकावरून हात वर आला.

"टीचर, मश्क में पानी कितना आता था?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. "अब्बा को पूछ के बताती हूँ," मी म्हणाले.